उजव्या हाताचा मोजा

‘मोजा पडला बघा पोरीचा,’ असं मागून कुणीतरी म्हणालं आणि मी वळले, तर बर्सी वाकलेला. आधी त्याचं डोकं दिसलं, केसांतून डोकावणारा तो अर्धा कान दिसला आणि मग हात. हातात माझ्या कडेवरच्या डाल्लाचा हातमोजा होता, हिवाळ्यात मी एका सुईनं विणलेला, अंगठा नसलेला, पाखराच्या पिल्लाएवढा. त्यानं तो गुडघ्यावर आपटून चिखल झाडला. सावकाश, नीट, आपल्या घरातली वस्तू झाडावी तसा. मग पुढे केला. नदीवरून पाणी आणणाऱ्या बायका बादल्या हातात तशाच धरून थांबल्या. देशाच्या उन्हाळी सभेच्या मैदानावर सगळ्यांना सगळं माहीत असतं. याच हातानं माझ्या नवऱ्याला मारलं हेही माहीत असतं, आणि आज दुपारी कायद्याच्या खडकावर याच हातात समेटासाठी आमच्या घरचा हात पडायचा आहे हेही. सभेपुरती शांततेची शपथ घेतलेली होती, आणि शपथेखाली मारेकऱ्यानं वाकून मोजा उचलून दिला तर तो घ्यायचा असतो. मी घेतला. ‘गार आहे आज,’ बर्सी म्हणाला, ‘जपा तिला.’

जपा तिला. मी तशीच पालाकडे चालत राहिले. पाय आपोआप दगड टाळत होते, पण कानांत तेवढंच घुमत होतं. मला म्हणतोय जपा. सहा महिने मी दुसरं काय करतेय? रात्रीची उठून तिच्या नाकापाशी बोट धरते, श्वास लागतो का बघते. कुत्रा भुंकला की आधी पाळण्यापाशी जाते, मग दारापाशी. दार वाजलं की कोयंडा हातात धरूनच विचारते कोण म्हणून. ही सवय मला जन्मतः नव्हती. ती मला याच माणसानं लावली, आणि आता हाच म्हणतो जपा. पालाशी पोचले तेव्हा लक्षात आलं की मोजा मी मुठीत इतका आवळला होता की लोकर ओली झाली होती. वास घेतला. डांबराचा आणि सीलच्या तेलाचा वास. तो मोजा मला परत तिच्या हातात घालवेना. कमरपट्ट्यात खोचून टाकला. डाल्लाचा डावा हात मोज्यात आणि उजवा उघडा, गारठून लालबुंद झालेला, आणि त्या उघड्या हातानं ती माझी वेणी धरून ओढत होती. तिला काहीही दिसलं की धरायचं असतं. चमचा, कुत्र्याचा कान, म्हाताऱ्याची दाढी. धरलं की सोडत नाही.

बर्सी आमचा पलीकडच्या खोऱ्यातला शेजारी. किनाऱ्याकडे जाताना-येताना आमच्या दारात थांबायचा, उभ्याउभ्याच दह्यावरची आंबट निवळी प्यायचा, ओठ पुसायचा आणि म्हणायचा, ‘वहिनी, तुमच्या निवळीनं दात शिवशिवतात, पण अजून एक पेला द्या.’ वेर्मुंद हसायचा. वेर्मुंद म्हणजे माझा नवरा. तो मोठ्यानं हसायचा नाही, नाकातून हसायचा. गेल्या शरदात, मेंढरं डोंगरावरून खाली आणायचे दिवस होते. रात्रभर वारा झाला होता, आणि अशा वाऱ्यानंतर सकाळी किनाऱ्यावर समुद्रातून लाकूड वाहून येतं, म्हणून वेर्मुंद पहाटे गेला. आमच्या देशात झाड म्हणजे कमरेएवढं झुडूप. घराचा आडवा वासा समुद्रच देतो, देईल तेव्हा. मला पाचवा महिना होता आणि खोली वाढवायची होती. दुपारच्या आधी मी दारात राख टाकायला आले तर वाटेवरून बर्सी येताना दिसला. एकटाच, भराभर. मान एका बाजूला कललेली, कानावर फडकं. मी हाक मारली, ‘अहो बर्सी! निवळी पिऊन जा की!’ त्यानं बघितलं नाही. वाटेच्या कडेकडेनं, जणू आमचं घर तिथे नाहीच असा, तो निघून गेला. मी हातातली राखेची परडी तशीच धरून उभी. मला वाटलं, रागावला असेल. मला वाटलं, दात दुखत असेल.

कायदा मला तेव्हाही पाठ होता, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. माणूस मारला की मारणाऱ्यानं त्याच दिवशी पहिल्या घरी जाऊन ते सांगावं. सांगितलं तर ती नुसती हत्या, न सांगितलं तर चोरून केलेला खून. पण ते पहिलं घर मेलेल्याच्या माणसांचं असेल, तर ते ओलांडून पुढे जायची मुभा आहे. म्हणजे कायद्यानं माझ्या दाराला वळसा घालायला त्याला वाट करून दिली होती. त्यानं काही चुकवलं नाही. पुढच्या घरी गेला, उंबऱ्यावर उभा राहिला, स्वतःचं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, जागा, जखमा सगळं नीट सांगितलं, साक्षीदार नेमले, आणि मग म्हणे तिथे बसून निवळी प्यायला. मी राखेची परडी धरून उभी होते तेव्हा मी विधवा होते, आणि ते माझ्याआधी शेजारच्या घराला कळणार होतं. हे कुठल्या कलमात बसतं? मी शोधलं. माझ्या डोक्यात आहे तेवढा सगळा कायदा मी त्या हिवाळ्यात उलटासुलटा करून पाहिला. कानाला कलम आहे, बोटाला आहे, वाहून आलेल्या लाकडावरच्या खुणेलाही आहे. दारातून मारलेल्या हाकेला नाही.

एवढ्यावरही थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते किनाऱ्यावर आले, बर्सी, त्याचे भाऊ आणि साक्षीला आणलेले शेजारी. तोवर आमच्या माणसांनी वेर्मुंदला तिथेच वाळूच्या वर दगडांखाली ठेवलं होतं, जमीन कडक होती म्हणून. त्यांनी डोक्याकडचे दगड काढले. मी वर कड्यावर उभी होते, पोटावर हात धरून. बर्सीनं साक्षीदारांची नावं घेतली आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याला समन्स दिलं. ‘मी तुला बोलावतो, वेर्मुंद, कारण तू आधी कुऱ्हाडीनं माझ्यावर वार केलास, माझा कान तोडलास, आणि म्हणून तू कायद्याच्या आधाराबाहेर पडलास, तुझ्या मरणाला भरपाई नाही.’ असं तोंडाकडे बघून. उत्तराला थोडं थांबलेसुद्धा, रीत आहे म्हणून. वाऱ्यानं वेर्मुंदची दाढी हलत होती. मला हसू आलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एवढी मोठाली माणसं, दाढ्यांत मीठ साचलेली, एका प्रेताच्या उत्तराची वाट बघत उभी. भांडण कशाचं, तर एका ओंडक्याचं. त्यावर खूण बर्सीची होती म्हणे, वेर्मुंद म्हणाला खूण ताजी आहे, आत्ता कोरलीय. खूण खरी की खोटी हे वेर्मुंदला माहीत होतं आणि बर्सीला. त्यातला एक बोलत नाही. ओंडका अजून तिथेच पडलाय.

डाल्ला झाली ती ऐन हिवाळ्यात. पाणी शिंपडून नाव ठेवायला बाप नव्हता, म्हणून वेर्मुंदचा चुलतभाऊ ओनुंद आला. वेर्मुंदला ना वडील राहिले होते ना सख्खा भाऊ, त्यामुळे खटला चालवायचा हक्क ओनुंदकडे गेला होता. तो दारातून आत येता-येता म्हणाला, ‘काय झालं?’ सुईण म्हणाली, ‘मुलगी.’ आणि ओनुंदनं श्वास सोडला. मी तो ऐकला. पलीकडच्या खोऱ्यात बर्सीच्या घरीही तो श्वास सुटला असणार. मुलगा असता तर सगळ्यांना पंधरा-वीस वर्षं झोपेत एक डोळा उघडा ठेवावा लागला असता. मुलगी झाली, सगळे निर्धास्त झाले. त्यानं तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं आणि मला म्हणाला, ‘बरं झालं वहिनी. आता हे मिटवता येईल.’ मी तेव्हा दोन दिवसांची बाळंतीण. पण त्या क्षणी मला जो संताप आला त्यानं माझं दूध उतरलं.

आता मिटवलं ते असं. वेर्मुंदचा जीव एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बर्सीचा कान, ओंडका, आणि आधी हात कुणी उगारला ते. दोन्ही एकमेकांत वळते केले. जे थोडं उरलं त्याची चांदी ओनुंद घेणार. आणि समेट पक्का व्हावा म्हणून, डाल्लाला अंगावरचं सुटलं की बर्सीच्या घरी वाढायला द्यायची. ‘अगं, मान आहे हा,’ ओनुंदनं मला पालात बसवून समजावलं. लोणी लावलेला सुका मासा चघळत होता. ‘दुसऱ्याचं पोर वाढवणारा खालचा समजतात. म्हणजे बर्सी आपण होऊन खाली बसतोय. वेर्मुंदचं नाव वर राहतंय.’

‘नाव वर राहील,’ मी म्हटलं, ‘आणि मुलगी कुणाला बाबा म्हणेल?’

‘कुणालाही म्हणेना. खाईल-पिईल ना? त्याच्याकडे गाई आहेत. तुझ्याकडे काय आहे? दोन मेंढ्या आणि तोंड.’

‘भावजी, भरपाईचं चांदीचं कडं तिचं आहे, सगळ्यात मोठा वाटा. मुलगा नाही, बाप नाही, भाऊ नाही. अशा वेळी मेलेल्याची एकुलती मुलगी मुलासारखी भरपाई घेते. मुख्य कडं तिचंच. लग्नात नवरीच्या बाकावर बसली की मग ती ते कडं चुलत्यांच्या मांडीत टाकते. तोवर नाही.’

ओनुंद मोठ्यानं हसला. माशाचा काटा दातांत अडकला तो काढून पाहिला. ‘तुझा बाप गुरांना कायदा ऐकवायचा, ते ठाऊक आहे मला. अशी कड्याची मालकीण कुणी बघितलीय कधी? मी तर नाही बघितली. असेल कुठेतरी. चार डोक्यांचं वासरूही असतं.’

गुरांना नाही, मला ऐकवायचा. माझे वडील एयोल्फ. त्यांना एकच मूल, मी. कायदा कातड्यावर लिहिलेला नसतो. तो डोक्यात असतो, आणि दर उन्हाळ्यात कायदेवक्ता खडकावर उभं राहून त्यातला एक तृतीयांश म्हणून दाखवतो. वडील उरलेलं वर्षभर गवत कापताना, दूध काढताना, माझे केस विंचरताना म्हणत राहायचे, विसरायला नको म्हणून. हत्येच्या भरपाईचा भाग लांबच लांब आहे, कोण कुणाला काय देणार, सख्खे, चुलत, मावस, चुलतांचे चुलत. त्यात मधेच ते कलम येतं. तिथे वडील विंचरता विंचरता थांबायचे आणि माझं डोकं कंगव्यानं हलकेच ठोकायचे. ‘ही तू,’ म्हणायचे. मला ते आवडायचं. एवढ्या मोठ्या कायद्यात एका जागी मी उभी आहे. आणखी एक आठवतं, हस्तांदोलनाचं. समेट कधी पक्का होतो? उघड्या हातात उघडा हात पडेल तेव्हा. एकानं म्हणे गडबडीत हातमोजा काढलाच नाही, आणि सगळा समेट फुकट गेला, दोन्हीकडची माणसं पुन्हा मरायला मोकळी. वडील हे सांगून खूप हसायचे. मी लहान होते. मला वाटायचं, किती वेडी माणसं ही, हातमोज्यासाठी मरणारी. आता वाटतं की हसत होते ते वडील घाबरलेले असणार.

दुपार व्हायच्या आत रान्नवेग पालाशी आली. बर्सीची बायको. आत आली नाही, बाहेरच उकिडवी बसली. तिला मूल नाही. ‘बघू?’ म्हणाली. मी डाल्लाला आणखी जवळ ओढली तशी ती खजील झाली. ‘नको, नको, नुसतं लांबून. अजून दूध येतं ना तुला? मी म्हटलं ह्यांना, घाई करू नका, पुढल्या उन्हाळ्यात आणू. आमची लाल गाय व्यालीय. मऊ दूध आहे तिचं.’ ती बोलत राहिली, खाली गवताकडे बघत. ‘पाळणा करायला घेतलाय. चांगलं लाकूड मिळालंय.’ आणि मग तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात गेला. ‘त्यातलं नाही गं,’ ती म्हणाली, ‘शपथ, त्यातलं नाही.’ ती वाईट बाई नव्हती, हीच तर सगळ्यात मोठी चीड. वाईट असती तर बरं झालं असतं. ती डाल्लाला जीव लावील, लोकर विंचरायला शिकवील, आणि एक दिवस त्या घरी डाल्ला म्हणेल, माझ्या बाबांचा कान कुणी तोडला? आणि कुणीतरी सांगेल, एका वाईट माणसानं.

खडकाकडे निघाले तेव्हा माझं काही ठरलेलं नव्हतं. हे खरं आहे. कारण बोलले तर काय होतं हेही मला कळत होतं. कडं डाल्लाचं ठरलं तर भांडणही डाल्लाचं ठरतं. आज ती कुणाच्याच खिजगणतीत नाही, म्हणूनच ती जगेल. मी तिचं नाव खडकावर मोठ्यानं घेतलं की बर्सीचे भाऊ ते नाव लक्षात ठेवतील. गप्प राहिले तर ती सुखरूप, आणि माझी नाही. बोलले तर माझी, आणि सुखरूप नाही. कुठल्या आईला असं निवडायला सांगतात? आणि सांगणारे कोण, तर लोणी खात बसलेले. डाल्लाचा उघडा हात माझ्या गळ्याशी होता, गार, मुठीत माझी वेणी.

खडकावर गर्दी होती. कायदेवक्ता, पांढऱ्या भुवयांचा, अंगानं वाळलेला, मधे उभा. एका बाजूला बर्सी आणि त्याचा गोदी, म्हणजे त्या खोऱ्याचा पुढारी, पोट सुटलेला, सतत हसरा माणूस. दुसऱ्या बाजूला ओनुंद. वेर्मुंदवरचं ते प्रेताचं समन्स मागे घेतल्याचं आधी जाहीर झालं. उपकार केल्यासारखं. मग अटी वाचल्यागत म्हणून दाखवल्या, कान, ओंडका, पहिला वार, वळते. प्रत्येक शब्दाला मान हलत होती, सगळ्यांची. मी बायकांमध्ये उभी होते. ओनुंदनं उजव्या हाताचा हातमोजा काढला. बर्सीनं काढला. दोन हात एकमेकांकडे निघाले, आणि माझ्या तोंडून आवाज गेला.

‘कायदा विचारायचा आहे.’

माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, ‘बाई बोलतेय.’ दुसरा म्हणाला, ‘एयोल्फची आहे ती, म्हणूनच.’ हशा झाला. ओनुंद दात दाबून म्हणाला, ‘वहिनी, खाली जा.’

‘कायदेवक्त्यानं विचारणाऱ्याला कायदा सांगायचा असतो,’ मी म्हटलं. माझा आवाज माझाच वाटत नव्हता, दूध काढताना येतो तसा सपाट होता. ‘मारलेल्याला मुलगा नाही, बाप नाही, भाऊ नाही. मुख्य कडं कोण घेतं?’

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला आवडलं नाही. त्याच्या तोंडावर दिसत होतं की हे कलम तो गेल्या कित्येक उन्हाळ्यांत भराभर म्हणून टाकत आला आहे, कुणाचं लक्ष जाऊ नये इतकं भराभर. पण त्यानं डोळे मिटले आणि म्हणायला लागला. आणि वडिलांच्याच चालीवर म्हणत होता. तोच ठेका, तिथेच थांबणं. त्या जागी माझं डोकं आपोआप पुढे झुकलं, कंगव्यासाठी. ‘…तर मारलेल्याची एकुलती मुलगी, मुलगा असल्यासारखी. नवरीच्या बाकावर बसेपर्यंत.’ डोळे उघडून म्हणाला, ‘कडं मुलीचं. म्हणजे हातही मुलीचा लागेल.’

ओनुंदचा हात हवेतच राहिला. त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी भर सभेत त्याची विजार ओढली. बर्सीचे भाऊ आपापसांत पुटपुटायला लागले. पण गोदी हसला. हसतच म्हणाला, ‘अरे मग अडलंय कुठे? घ्या की मुलीचा हात. बर्सी, बोट पुढे कर. पोरं धरतातच. साक्षीदार आहोत आम्ही सगळे.’

‘धरलं की झालं?’ कुणीतरी विचारलं.

कायदेवक्ता म्हणाला, ‘उघड्या हातात उघडा हात. वय सांगितलेलं नाही.’

लोक पुन्हा हसले, या वेळी सुटल्यासारखे. सगळ्यांना घरी जायचं होतं. बर्सी माझ्याकडे यायला लागला. तो हसत नव्हता, हे मी सांगायला हवं. त्याच्या चेहऱ्यावर थकवा होता, ओठ कोरडे, आणि आमच्या दारात यायचा तसाच तो येत होता, फक्त या वेळी थांबणार होता. उजव्या हाताची पहिली दोन बोटं पुढे. नखात डांबर. आणि डाल्लानं ती बोटं बघितली. मी सांगते, मी तिचे डोळे बघितले, ते मोठे झाले, माझी वेणी तिनं सोडली आणि तो लाल, उघडा, गारठलेला हात बाहेर आला, बोटं फाकून. ती आनंदात होती. तिला धरायचं होतं. तिच्या त्या मुठीत माझ्या नवऱ्याचा जीव, कान, ओंडका, सगळं एकदम मिटणार होतं, आणि तिला चमचा आणि बोट यांत काही फरक नव्हता.

मी कमरपट्ट्यातून मोजा काढला. त्याच हातानं झाडलेला, त्याच हाताचा वास असलेला. सकाळपासून मला तिच्या हातात घालवेना तोच. आणि तिच्या फाकलेल्या बोटांवरून तो खाली ओढला, मनगटापर्यंत, आणि दोरी बांधली. दोन गाठी.

बर्सीची बोटं येऊन मोज्याला लागली. डाल्लानं लोकरीतून ती धरायचा प्रयत्न केला आणि धरता येईना म्हणून किंचाळली.

कायदेवक्ता पुढे झुकून बघत म्हणाला, ‘हात झाकलेला आहे.’

‘काढ तो मोजा,’ ओनुंद माझ्यावर ओरडला. ‘वहिनी, सगळी माणसं उभी आहेत. काढ म्हणतो ना!’ त्यानं हात पुढे केला, आणि मग स्वतःच थांबला. दुसऱ्याच्या अंगावरचं वस्त्र ओढणं यालाही कलम आहे, आणि इथे ऐकायला सगळा देश होता.

गोदीचं हसू गेलं. ‘बाई,’ तो हळू म्हणाला, ‘काय करतेयस कळतंय का तुला? ही मुलगी मोठी होईस्तोवर हे असंच उघडं राहील. माणसं मरतील.’

मला कळत होतं. आजपासून आमच्या वाटेनं जो कुणी न बोलता, कडेकडेनं निघून जाईल, त्याच्या पाठीकडे मी बघत राहणार होते, ती वयात येईपर्यंत, आणि त्यानंतरही. बर्सी अजून समोरच उभा होता. बोटं अजून पुढेच. सकाळी खाली मैदानावर याच बोटांनी मोजा उचलायला तो वाकला होता.

‘गार आहे आज,’ मी म्हटलं. ‘जपायला हवं तिला.’